उपवासकाळाचे सोबती : संत जोसेफ वाझ



भस्म बुधवारी कपाळावर राख घेऊन आपण उपवासकाळाला सुरुवात केली. प्रार्थना, उपवास आणि दानधर्म ही या चाळीस दिवसांची तीन अंगे आपल्याला लहानपणापासून पाठ आहेत. पण आपल्या धर्मग्रामात दरवर्षी एक अडचण येते. कर्जत-खालापूरच्या वाड्या डोंगरात विखुरलेल्या आहेत. पाऊस संपला की काही कुटुंबे वीटभट्ट्यांवर जातात, ती उन्हाळ्याच्या अखेरीसच परततात. रेल्वेत किंवा कारखान्यात पाळीवर काम करणाऱ्यांना शुक्रवारच्या क्रुसाच्या वाटेची वेळ साधत नाही. धर्मगुरू एक आणि वाड्या अनेक. त्यामुळे फादर आले तर उपवासकाळ, नाही आले तर नेहमीचेच दिवस, अशी एक समजूत नकळत मनात घर करून बसते. या समजुतीचा विचार करताना मला नेहमी संत जोसेफ वाझ आठवतात. त्यांचे चित्र पुष्कळांच्या घरी आहे, पण त्यांचे चरित्र फार थोड्यांना ठाऊक आहे.

जोसेफ वाझ यांचा जन्म २१ एप्रिल १६५१ रोजी गोव्यातील बाणावली येथे, आजोळी झाला. वडिलांचे गाव सांकवाळ. प्राथमिक शिक्षण या दोन गावांत झाल्यावर ते जुन्या गोव्यात शिकायला गेले. तिथे येशूसंघीयांच्या सेंट पॉल्स कॉलेजात आणि पुढे डॉमिनिकन संघाच्या, संत थॉमस अक्वायनस यांच्या नावाच्या विद्यालयात त्यांनी तत्त्वज्ञान आणि ईशज्ञान यांचा अभ्यास केला. १६७६ मध्ये त्यांना गुरुदीक्षा मिळाली. दीक्षेनंतर लवकरच त्यांनी पायातले जोडे सोडले. गोव्यातले गरीब लोक अनवाणी चालत, म्हणून आपणही तसेच चालायचे, एवढाच त्यांचा हिशेब.

इथे थोडे थांबावेसे वाटते. सद्गुण म्हणजे अंगात मुरलेली सवय, असे थॉमस अक्वायनस शिकवतात. एखादे चांगले काम एकदाच केल्याने माणूस सद्गुणी होत नाही. ते पुन्हा पुन्हा करावे लागते, इतके की पुढे ते सहज होऊ लागते. वाझ यांनी हे पुस्तकात वाचले असणारच, पण त्यांनी ते पायांनाही शिकवले. चाळीस दिवस चहात साखर न घालणाऱ्या आपल्या आजीबाईंना आपण कधीकधी हसतो. साखरेचा प्रश्न खरोखरच लहान आहे. पण जो माणूस लहान गोष्टीत स्वतःला नाही म्हणायला शिकला नाही, त्याला मोठ्या प्रसंगी ते एकाएकी कसे जमणार? तरुण वाझ यांना आपल्यावर पुढे कोणता प्रसंग येणार आहे याची कल्पना नव्हती. पाय मात्र तयार होत होते.

१६७७ मध्ये ५ ऑगस्ट रोजी त्यांनी स्वतःला पवित्र मरियेचा दास म्हणून लिहून दिले. १६८१ ते १६८४ या काळात ते कानडा प्रांतात होते. तिथे चर्चमधल्याच दोन अधिकारांचा वाद पेटला होता आणि त्यात श्रद्धावंत भरडले जात होते. वाझ यांनी तिथे चर्चेस उभी केली, शाळा काढल्या आणि वादात शक्य तितकी सबुरी राखली. परतल्यावर, १६८५ मध्ये, जुन्या गोव्यातील पवित्र क्रुसाच्या चर्चजवळ राहणाऱ्या काही गोमंतकीय धर्मगुरूंना ते जाऊन मिळाले. युरोपीय संघांची दारे त्या काळी आपल्या लोकांना बहुधा बंद असत. या धर्मगुरूंनी वाझ यांच्या नेतृत्वाखाली संत फिलिप नेरी यांच्या पद्धतीचे ऑरेटरी स्थापन केले. प्रार्थना एकत्र, जेवण एकत्र, काम वाटून. श्रीलंकेला पुढे जे धर्मगुरू मिळाले ते याच घरातून.

त्या वेळी सिलोन म्हणत असलेल्या श्रीलंकेत काय घडले होते, ते समजून घेतले पाहिजे. डच लोकांनी पोर्तुगीजांकडून १६५६ मध्ये कोलंबो आणि १६५८ मध्ये जाफना घेतले. डच कॅल्विनपंथी होते. त्यांनी कॅथलिक धर्मगुरूंना हाकलून दिले आणि धर्मगुरूला घरात आसरा देणाऱ्यास मृत्युदंड ठरवला. चर्चेस काढून घेतली. जवळजवळ तीस वर्षे त्या बेटावरच्या कॅथलिकांना मिस्सा नव्हती, पापनिवेदन नव्हते, मरणाऱ्याला अंत्यसंस्कार देणारा कोणी नव्हता. एक अख्खी पिढी धर्मगुरूचे तोंड न पाहता मोठी झाली.

गोव्यात ही बातमी आली आणि वाझ यांचे मन तिथे अडकले. १६८६ मध्ये वरिष्ठपद सोडून ते निघाले. सोबत जॉन नावाचा एक विश्वासू तरुण होता. किनाऱ्याकिनाऱ्याने दक्षिणेकडे जात, वाटेत तमिळ शिकत ते तुतिकोरीनला पोहोचले. धर्मगुरूचा झगा उतरवून त्यांनी मजुराचे, भिकाऱ्याचे कपडे घातले आणि १६८७ च्या ईस्टरच्या सुमारास समुद्र ओलांडला. त्या वर्षीचा त्यांचा उपवासकाळ वाटेवरच गेला. जाफन्यात उतरताच त्यांना जुलाबाचा तीव्र आजार जडला. हे दोघे उपाशीपोटी पडून राहिले असताना एका बाईने त्यांना पेज आणून दिली आणि त्यावर ते जगले, असे त्यांचे चरित्रकार सांगतात. दान देण्याबद्दल आपण उपवासकाळात पुष्कळ बोलतो. दान घेण्यालाही नम्रता लागते, हे सहसा राहून जाते. गोव्याच्या विद्यालयात शिकलेला हा पंडित परक्या मुलखात एका अनोळखी बाईच्या पेजेवर उभा राहिला.

बरे वाटल्यावर ते दारोदार भीक मागू लागले. गळ्यात जपमाळ होती. ती पाहून कोणत्या घरात कोणाचे डोळे थबकतात याकडे त्यांचे लक्ष असे. अशा रीतीने त्यांना पहिले कॅथलिक घर सापडले. मग रात्रीच्या अंधारात कोणाच्या तरी घरी मिस्सा होऊ लागली. तीस वर्षांचे पापनिवेदन, लग्नांचे आशीर्वाद, मोठ्या झालेल्या मुलांचे बाप्तिस्मे. उजाडण्यापूर्वी फादर दुसऱ्या गावी गेलेले असत.

या चरित्रातले मला सर्वांत महत्त्वाचे वाटते ते इथे आहे. वाझ यांना तिथे ख्रिस्ती लोक सापडले, कारण ते तिथे टिकून होते. धर्मगुरू नसताना, चर्च नसताना, सापडलो तर शिक्षा ठरलेली असताना त्यांनी घरात जपमाळ म्हटली आणि मुलांना प्रार्थना शिकवल्या. आपल्याच रायगड जिल्ह्यात कोर्लई आहे. १७४० मध्ये पोर्तुगीज चौलमधून गेले, तरी तिथली ख्रिस्ती कुटुंबे राहिली आणि आपली बोली व श्रद्धा त्यांनी आजवर जपली. संस्कारांना पर्याय नाही, हे मी धर्मगुरू म्हणून सांगायला नकोच. पण संस्कार यायला उशीर होतो तेव्हा श्रद्धा कोण सांभाळते, याचे उत्तर सिल्लालेच्या आणि कोर्लईच्या घरांनी दिलेले आहे.

सिल्लाले हे जाफन्याजवळचे गाव. तिथले कॅथलिक निर्भय होते, म्हणून वाझ यांनी १६८९ मध्ये तिथे मुक्काम केला. पुढे डचांनी नाताळच्या रात्री जमलेल्या लोकांवर छापा घातला. वाझ निसटले, पण लोकांनी मार खाल्ला, आणि डचांचा पंथ सोडून कॅथलिक झालेले डॉन पेद्रू हे फटक्यांनी मरण पावले. १६९० मध्ये वाझ यांनी पुत्तलमला बस्तान हलवले. वाझ यांची पद्धत पाहण्यासारखी आहे. प्रत्येक गावात ते एक प्रापंचिक प्रमुख नेमत, त्याला मुप्पू म्हणत. प्रार्थना चालवणे आणि लोकांना जमवणे हे त्याचे काम. धर्मशिक्षण देणारा तो अण्णावी. फादर वर्षातून एखाद्या वेळी यायचे, मुप्पू आणि अण्णावी रोज असायचे. आपल्या वाड्यांतले लघु समूहांचे प्रमुख आणि धर्मशिक्षक या जुन्या घराण्यातलेच आहेत, हे त्यांनी लक्षात ठेवावे.

१६९२ मध्ये वाझ कँडीच्या स्वतंत्र राज्यात गेले. पोर्तुगीजांचा हेर म्हणून त्यांच्याविरुद्ध कागाळी झाली आणि राजा दुसरा विमलधर्मसूर्य याने त्यांना कैदेत टाकले. कैदेत ते सिंहली शिकले. तिथेच त्यांनी एक झोपडी उभारून तिचे प्रार्थनाघर केले. १६९६ मध्ये मोठा दुष्काळ पडला. राजाच्या विनंतीवरून वाझ यांनी चौकात वेदी आणि क्रूस उभारून प्रार्थना केली आणि पाऊस आला, अशी हकीकत परंपरेने चालत आली आहे. मार्च उजाडला की विहिरीचा तळ दिसणाऱ्या आपल्या वाड्यांना या प्रार्थनेची किंमत वेगळी सांगायला नको. राजाने त्यांना राज्यात कुठेही धर्मकार्य करण्याची मोकळीक दिली.

१६९७ मध्ये गोव्याहून आणखी तीन धर्मगुरू आले, त्यांत वाझ यांचे भाचे फादर जोसेफ कार्व्हालो हेही होते. त्याच सुमारास कँडीत देवीची साथ पसरली. घरच्यांनीच आजाऱ्यांना रानात नेऊन सोडले. या धर्मगुरूंनी त्यांच्यासाठी निवारा उभारला, फोड आलेली अंगे धुतली, अन्न भरवले आणि मेलेल्यांना पुरले. रोगी कोणत्या धर्माचा, हे त्यांनी पाहिले नाही. उपवास, प्रार्थना आणि दान यांतले एकेक वेगळे काढून दाखवा म्हटले, तर या दिवसांत ते निघत नाही. रोग्याच्या तोंडात घास घालताना आपला घास बाजूला राहिलाच असेल.

आपल्यासाठी चर्चचा नियम त्या मानाने किती हलका आहे! भस्म बुधवार आणि शुभ शुक्रवार हे उपवासाचे दिवस १८ ते ५९ वर्षे वयाच्या निरोगी माणसांसाठी आहेत, आणि मांस वर्ज्य करण्याचा नियम १४ व्या वर्षापासून लागू होतो. दिवसभर विटा उचलणाऱ्या माणसाने पोट मारून काम करावे, असे चर्च कोणाला सांगत नाही. त्याच्या घरी संध्याकाळी जपमाळ होऊ शकते. क्रुसाच्या वाटेची पुस्तिका भट्टीवर जाणाऱ्या कुटुंबांनी सोबत न्यावी. वाचायला धर्मगुरूच लागतो असे नाही, घरातली शाळेत जाणारी मुलगीही ती वाचू शकते.

जोसेफ वाझ यांनी बिशपपदाचा मान नाकारला आणि शेवटपर्यंत पायीच फिरले. १६ जानेवारी १७११ रोजी कँडी येथे वयाच्या ५९ व्या वर्षी त्यांचे निधन झाले. त्यांची कबर नेमकी कुठे आहे, ते आज कोणाला दाखवता येत नाही. पोप जॉन पॉल दुसरे यांनी १९९५ मध्ये कोलंबोत त्यांना धन्यवादित घोषित केले आणि पोप फ्रान्सिस यांनी १४ जानेवारी २०१५ रोजी तिथेच त्यांना संतपद दिले.

वाझ यांच्यामागून १७०५ मध्ये दिवाडी बेटावरचे फादर जाकोम गोन्साल्विस श्रीलंकेत गेले. त्यांनी प्रभूच्या दुःखसहनावर सिंहलीत ग्रंथ रचला. श्रीलंकेतल्या कॅथलिक गावांत उपवासकाळात लोक एकत्र बसून तो विलापाच्या चालीवर गातात, त्याला पसन म्हणतात. गाणारे गावातलेच असतात, शेतकरी, मच्छीमार आणि त्यांची मुले. ती चाल आईबापांकडून मुलांना मिळते.