पदवी होती, जागा नव्हती

सुशिक्षितांच्या बेकारीची चर्चा निघाली की दोष बहुधा दोघांच्या पदरी पडतो. एक विद्यापीठांच्या, कारण ती निरुपयोगी ते शिकवितात. आणि दुसरा खुद्द उमेदवाराच्या, कारण तो कोठेतरी कमी पडला असलाच पाहिजे. अस्सल गुणांना बाजारात किंमत येतेच, हे अशा चर्चेत सर्वांनी गृहीत धरलेले असते. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या आयुष्यातील १९१७ नंतरची दहा-अकरा वर्षे या गृहीतकाशी ताडून पाहण्याजोगी आहेत. घटनेचे शिल्पकार म्हणून त्यांचे चरित्र सर्वांना ठाऊक आहे. नोकरी शोधणारा एक तरुण अर्थशास्त्रज्ञ म्हणून त्यांच्याकडे सहसा कोणी पाहात नाही.

ऑगस्ट १९१७ मध्ये ते मुंबईस परतले तेव्हा त्यांचे वय सव्वीस वर्षांचे होते. न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठाची एम. ए. पदवी त्यांनी १९१५ मध्ये मिळविली होती. पुढे लंडनला सुरू केलेला अभ्यास शिष्यवृत्तीची मुदत संपल्याने अर्ध्यावर सोडावा लागला होता. त्या काळी एवढ्या तयारीचे अर्थशास्त्रज्ञ हिंदुस्थानात हाताच्या बोटांवर मोजण्याइतकेच असतील. शिवाय त्यांना नोकरी शोधावयाची नव्हती, नोकरीच त्यांची वाट पाहात होती. शिष्यवृत्तीच्या बदल्यात बडोदे संस्थानची दहा वर्षे सेवा करण्याचा करार १९१३ मध्येच झाला होता, आणि अनुभव आल्यावर अर्थखात्याची धुरा त्यांच्याकडे द्यावी असे सयाजीराव महाराजांच्या मनात होते. पात्रता, जागा आणि नेमणूक करणाऱ्याची इच्छा या तिन्ही गोष्टी इतक्या नीट जुळून येण्याचे भाग्य फार थोड्या उमेदवारांना लाभते.

सप्टेंबरमध्ये ते बडोद्यास गेले. कचेरीतील शिपाई हातात कागद न देता टेबलावर लांबून टाकीत. पिण्यास पाणी मिळेना. शहरात राहण्यास जागा मिळेना, म्हणून पारशी नाव सांगून ते एका पारशी खानावळीत उतरले. अकराव्या दिवशी सकाळी काठ्या घेतलेला जमाव दारात उभा राहिला आणि संध्याकाळपर्यंत जागा सोडण्याचा हुकूम झाला. एका हिंदू आणि एका ख्रिस्ती मित्राकडे आसरा मागून पाहिला. दोघांनीही अडचणी सांगितल्या. महाराजांपर्यंत नेलेले गाऱ्हाणे दिवाणांकडे आले व तेथेच संपले. कमाटी बागेत काही तास बसून काढल्यावर त्यांनी रात्रीची मुंबईची गाडी पकडली. या सगळ्यात त्यांच्या अर्थशास्त्राची परीक्षा एकदाही झाली नाही, हे लक्षात ठेवण्यासारखे आहे.

मुंबईत परळच्या चाळीतील दोन खोल्यांत कुटुंब राहात होते. रमाबाईंनी त्या दिवसांत घर कसे चालविले असेल, हा खरे तर एका वेगळ्या अर्थशास्त्राचा विषय आहे. आंबेडकरांनी दोन विद्यार्थ्यांच्या शिकवण्या धरल्या. शेअरच्या व्यवहारांत सल्ला देणारी पेढी काढली. सल्ला चांगला असे. पण सल्लागाराची जात कळताच गिऱ्हाईक फिरकेनासे झाले आणि पेढी बंद पडली. याच सुमारास, १९१८ मध्ये, हिंदुस्थानातील शेतीच्या लहान तुकड्यांवरील त्यांचा निबंध प्रसिद्ध झाला. जमिनीवर पोसल्या जाणाऱ्या रिकाम्या हातांना उद्योगधंद्यांत काम मिळाल्याखेरीज शेती सुधारणार नाही, हे त्याचे सार. लिहिणाऱ्याचे स्वतःचे हातही तेव्हा जवळजवळ रिकामेच होते.

नोव्हेंबर १९१८ मध्ये सिडनहॅम कॉलेजात दरमहा साडेचारशे रुपयांवर अर्थशास्त्राची प्राध्यापकी मिळाली. मुंबईचे माजी गव्हर्नर लॉर्ड सिडनहॅम यांची लंडनमधील ओळख तेथे उपयोगी पडली. गुण होते तरी वशिला लागलाच! त्यांची व्याख्याने ऐकण्यास इतर कॉलेजांतील विद्यार्थीही येऊ लागले. प्राध्यापकांच्या खोलीतील घागरीचे पाणी त्यांनी पिण्यास मात्र काही सहकाऱ्यांची हरकत होती. काटकसरीने पैसा साठवून त्यांनी मार्च १९२० मध्ये राजीनामा दिला. शाहू महाराजांचे साह्य आणि नवल भथेना या मित्राचे पाच हजारांचे कर्ज घेऊन ते पुन्हा लंडनला गेले.

१९२३ मध्ये ते बॅरिस्टर होऊन परत आले. रुपयाच्या प्रश्नावरील प्रबंधाबद्दल लंडनची डी. एस्सी. ही पदवीही त्यांना त्याच वर्षी मिळाली. पण वकिलीच्या सनदेला पैसे नव्हते. तेही भथेनांनीच पुरविले. सॉलिसिटर खटले देईनात, तेव्हा जिल्ह्याच्या कोर्टांतून मिळेल ते काम घ्यावे लागले. जून १९२५ पासून हिशेबनिसांच्या एका शिक्षणसंस्थेत ते अर्धवेळ व्यापारी कायदा शिकवू लागले. त्याच वर्षी डिसेंबरात हिंदुस्थानच्या चलनाची चौकशी करणाऱ्या रॉयल कमिशनपुढे त्यांची साक्ष झाली. देशाचा रुपया कसा असावा हे साम्राज्याच्या आयोगाला सांगणारा हा तज्ज्ञ घरखर्चासाठी करार आणि हुंड्यांचे कायदे शिकवीत होता. जात ही श्रमाची नव्हे तर श्रमिकांचीच विभागणी आहे आणि धंदा बदलू न दिल्याने ती बेकारी निर्माण करते, असा सिद्धांत त्यांनी १९३६ मध्ये मांडला. त्याला लागणारा पुरावा त्यांना कोणत्याही ग्रंथालयातून आणावा लागला नसावा.

जून १९२८ मध्ये त्यांना सरकारी लॉ कॉलेजात प्राध्यापकाची जागा मिळाली. अर्थशास्त्राची प्राध्यापकी त्यांनी १९२० नंतर पुन्हा कधी केली नाही. १९४७ मध्ये ते केंद्रात कायदामंत्री झाले, तेव्हा नियोजनाचे खाते निघाले की तेही आपल्याकडे येईल असे त्यांना सांगण्यात आले होते. ते आले नाही. मंत्रिमंडळाच्या आर्थिक समितीवरही त्यांना सुरुवातीला घेण्यात आले नाही. १९५१ मध्ये मंत्रिपदाचा राजीनामा देताना त्यांनी जी कारणे नोंदविली, त्यांत हे एक होते.