गिरणगावातील ज्ञानयज्ञ : महर्षी विठ्ठल रामजी शिंदे

परप्रांती राहून मराठीचा संसार जतन करणाऱ्या आपणां मंडळींनी ज्यांचे स्मरण विशेष जिव्हाळ्याने करावे, अशा थोर पुरुषांत महर्षी विठ्ठल रामजी शिंदे यांची गणना केली पाहिजे. त्यांचा जन्म झाला तो जमखंडी संस्थानात. म्हणजे आजच्या कर्नाटकात. घरात मराठी आणि दाराबाहेर कानडी अशा वातावरणात ते वाढले. पुढे त्यांचे कार्यही महाराष्ट्राच्या सीमेत मावले नाही. परंतु त्या कार्याचे बीज रुजले ते मुंबईच्या गिरण्यांच्या धुरात, कामगारांच्या चाळींत, जेथे शाळेचे दार बंद असलेली मुले रस्त्यावरच वाढत होती तेथे.

२३ एप्रिल १८७३ हा त्यांचा जन्मदिवस. वडील रामजीबाबा हे वारकरी पंथाचे, आई यमुनाबाई अत्यंत सोशिक. जातिभेदाचा काच या घरात फारसा नव्हता. दारिद्र्य मात्र होते. १८९१ साली मॅट्रिक होऊन विठ्ठलराव पुण्यास फर्ग्युसन महाविद्यालयात आले आणि १८९८ मध्ये बी. ए. झाले. बडोद्याच्या सयाजीराव महाराजांच्या शिष्यवृत्तीचा त्यांना आधार मिळाला. स्वतःचे शिक्षण चालू असतानाच, सासरचा छळ सोसलेल्या आपल्या बहिणीला, जनाक्कांना, त्यांनी पुण्यास आणून शिकविले. पुढे हीच बहीण त्यांच्या कार्यात त्यांचा उजवा हात ठरली. ज्याने आधी आपल्या घरात दिवा लावला, त्यालाच दुसऱ्याच्या घरी दिवा नेण्याचा अधिकार पोहोचतो, नाही का?

पुण्यात प्रार्थना समाजाशी संबंध आला आणि आयुष्याची दिशा पालटली. वकिलीचा मार्ग सोडून १९०१ साली ते ऑक्सफर्ड येथील मँचेस्टर कॉलेजात तौलनिक धर्मशास्त्राच्या अध्ययनासाठी गेले. १९०३ मध्ये अ‍ॅम्स्टरडॅम येथे भरलेल्या उदार धर्मपरिषदेस उपस्थित राहून ते स्वदेशी परतले आणि मुंबई प्रार्थना समाजाचे प्रचारक झाले. प्रचारकाने व्याख्याने द्यावीत, उपासना चालवावी, एवढीच समाजाची अपेक्षा. विठ्ठलरावांचे समाधान तेवढ्यावर होणे शक्य नव्हते. १९०५ साली पुण्याच्या मीठगंज पेठेत अस्पृश्य मानल्या गेलेल्या मुलांसाठी रात्रीची शाळा निघाली. त्याच सुमारास अहमदनगरजवळच्या भिंगार गावी महार-मांग बांधवांच्या सभेस ते रात्रीच्या वेळी गेले. तेथे त्यांच्या स्थितीचे जे दर्शन घडले, त्याने आपले आयुष्य याच कामी वाहण्याचा त्यांचा निश्चय दृढ झाला.

या निश्चयाची थोरवी ध्यानी यावयास तत्कालीन परिस्थिती आठवली पाहिजे. जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांनी पुण्याच्या पेठांत शाळा घातल्या, त्याला अर्धशतक उलटून गेले होते. १८५६ साली धारवाडच्या सरकारी शाळेत एका महार मुलाला प्रवेश नाकारला गेला आणि तो प्रश्न वरपर्यंत गाजला, त्यालाही पन्नास वर्षे होत आली होती. कागदावर सरकारी शाळा सर्वांना खुल्या झाल्या; प्रत्यक्षात मूल व्हरांड्यात बसे, नाहीतर घरीच राही. खेड्यातली ही रूढी शहरात गळून पडेल, अशी आशा बाळगून कितीतरी कुटुंबे मुंबईस आली. पण गिरणीतही जात आडवी आली. कापड विणताना कांडीचा धागा तोंडाने ओढून घ्यावा लागे. तो धागा विटाळू नये म्हणून अधिक मजुरीच्या विणाईखात्यात या कामगारांना घेत नसत. बाप कमी मजुरीवर राबणार, आई मोलमजुरीला जाणार आणि मुलाला शाळा नाही. अशा रीतीने एका पिढीचे दैन्य जसेच्या तसे दुसऱ्या पिढीच्या पदरी पडे.

हे चक्र कोठेतरी तोडावे, या हेतूने १८ ऑक्टोबर १९०६ रोजी मुंबईत परळ भागात निराश्रित साहाय्यकारी मंडळीची स्थापना झाली आणि पहिली शाळा सुरू झाली. इंग्रजीत ही संस्था डिप्रेस्ड क्लासेस मिशन या नावाने ओळखली गेली. अध्यक्ष नारायणराव चंदावरकर, चिटणीस स्वतः शिंदे. शेठ दामोदरदास सुखडवाला यांनी आरंभीच हजार रुपयांची देणगी दिली. पण पैशापेक्षा माणसांचा प्रश्न अवघड होता. या वस्तीत जाऊन राहणार कोण? शिंदे यांनी दुसऱ्याकडे बोट दाखविले नाही. वडील, बहीण, पत्नी, सारे कुटुंबच या कामाला लागले. दुरून येऊन शिकवून जाणारा मास्तर आणि शेजारी राहणारा मास्तर यांतील अंतर मुलांना आपोआप कळत असते.

शाळा म्हणजे केवळ अक्षरओळख, असे त्यांनी कधी मानले नाही. मुलगा शिकला तरी त्याच्या हाती उद्योग नसेल तर तो पुन्हा त्याच गिरणीच्या दारात उभा राहणार, हे ते जाणून होते. म्हणून पुस्तकबांधणी, शिवणकाम असे व्यवसाय शिक्षणात आले. घरी अभ्यासाला जागा नाही, दिवा नाही, म्हणून वसतिगृह आले. जोडीला भजन, उपासना आणि स्वच्छतेचे वळण होतेच. कामाचा व्याप झपाट्याने वाढला. प्रार्थना समाजाची नोकरी त्यांनी १९१० मध्ये सोडली आणि सारा वेळ मिशनला दिला. १९१२ च्या सुमारास संस्थेच्या २३ शाळा चालू होत्या आणि त्यांत सुमारे ११०० मुले-मुली शिकत होती. मुंबई, पुणे, हुबळी, मद्रास अशा दूरदूरच्या शहरांत तिच्या शाखा पसरल्या. रेल्वेच्या तिसऱ्या वर्गाने प्रवास करीत, प्रांतोप्रांतीची भाषा आणि रीत समजून घेत त्यांनी हे जाळे विणले.

१९१२ नंतर पुणे हे त्यांचे मुख्य ठाणे झाले. भोकरवाडीत नगरपालिकेकडून जागा मिळाली, इंदूरच्या तुकोजीराव होळकरांनी २०,००० रुपये दिले आणि अहिल्याश्रमाची वास्तू उभी राहिली. १९२० साली पुण्यात सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचा प्रश्न निघाला, तेव्हा सक्ती तूर्त मुलांपुरतीच असावी, असे म्हणणारा पक्ष प्रबळ होता. मुलींना वगळून शिक्षण सार्वत्रिक कसे म्हणावे, हा शिंदे यांचा सवाल होता. त्यासाठी त्यांनी सभा आणि मिरवणुका काढल्या व शहरातील मोठमोठ्यांचा रोष पत्करला.

त्यांच्या चरित्रातील सर्वांत कठीण पर्व मात्र पुढेच आले. १९१७ च्या कलकत्ता काँग्रेसमध्ये अस्पृश्यतेविरुद्धचा ठराव संमत होण्यामागे त्यांचे परिश्रम होते. १९१८ मध्ये मुंबईत सयाजीराव महाराजांच्या अध्यक्षतेखाली त्यांनी अस्पृश्यतानिवारक परिषद भरविली. तथापि १९२० साली नागपूरच्या परिषदेत, शाहू महाराजांच्या समक्ष, त्यांच्या मिशनवरच टीका झाली. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे म्हणणे असे की, अस्पृश्यांचे प्रतिनिधी कोण, हे ठरविण्याचा अधिकार अस्पृश्येतरांच्या संस्थेला असू नये. शिकलेली पिढी आपला आवाज आपणच उठवू पाहत होती. खरे पाहता शाळा काढण्याचे फळ ते हेच. पण शाळा काढणाऱ्याला ते गोड लागणे सोपे नसते. विठ्ठलरावांना या टीकेने वेदना झाल्या. तरीही १९२३ साली त्यांनी मिशनच्या कारभारातून अंग काढून घेतले आणि तो त्या वर्गातील कार्यकर्त्यांच्या हाती सोपविला. सतरा वर्षे पोटच्या अपत्याप्रमाणे वाढविलेली संस्था अशी देऊन टाकणे, हे तिच्या स्थापनेहूनही अवघड कार्य होते.

पुढे ते मंगळूरला ब्राह्मसमाजाचे आचार्य झाले. १९३० च्या सविनय कायदेभंगात त्यांनी येरवड्याचा तुरुंगवास भोगला. १९३३ मध्ये ‘भारतीय अस्पृश्यतेचा प्रश्न’ हा संशोधनपर ग्रंथ प्रसिद्ध झाला. अखेरचा काळ आजारपणात आणि काहीशा उपेक्षेत गेला. राष्ट्रीय पक्षाला ते फार सुधारक वाटले, सुधारकांना फार राष्ट्रीय. उच्चवर्णीयांनी त्यांना दूर ठेवले आणि ज्यांच्यासाठी झिजले त्यांच्यातही ते पूर्णपणे आपले झाले नाहीत. २ जानेवारी १९४४ रोजी पुण्यात त्यांचे देहावसान झाले.

मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी वर्षात त्यांचे चरित्र आपणांस दोन गोष्टी सांगते. आपण ज्या शहरात पोटासाठी आलो, त्याच शहरात आपल्यासारखीच पोटासाठी आलेली, पण शाळेच्या दारापर्यंत न पोहोचलेली मुले राहतात. त्यांची भाषा कोणतीही असो, ती परकी नव्हेत. आणि संस्था उभारणाऱ्यांनी ती वेळीच पुढच्या हाती देण्याचे शिकावे. पन्नाशी गाठलेल्या कोणत्याही मंडळाने विठ्ठल रामजी शिंद्यांपासून घ्यावा असा याहून मोठा धडा नाही.