सर वॉल्टर स्कॉट

ऐतिहासिक कादंबरीचा जनक म्हणून ज्याचें नांव जगभर घेतलें जातें, तो वॉल्टर स्कॉट १५ ऑगस्ट १७७१ रोजीं स्कॉटलंडमधील एडिंबरो शहरीं जन्मला. दीड वर्षाचा असतां आजारानें त्याचा उजवा पाय कायमचा अधू झाला. हवापालटासाठीं आईबापांनीं त्याला खेड्यांत आजोबांच्या शेतावर ठेविलें. तेथें आजी व आत्या यांच्या तोंडून सरहद्दीवरील वीरांचे पोवाडे व बंडांच्या कथा त्याच्या कानीं पडल्या. पुढें वकिली करीत असतां त्यानें खेडोपाडीं हिंडून तसे पोवाडे गोळा केले. याच ठेव्यांतून १८१४ सालीं ‘वेव्हर्ले’ ही कादंबरी निर्माण झाली; परंतु तीवर त्यानें आपलें नांव घातलें नाहीं.

हेलन वॉकर नामक एका गरीब स्त्रीची सत्यकथा त्याच्या कानीं आली. तिच्यावरून १८१८ सालीं त्यानें ‘हार्ट ऑफ मिडलोथियन’ या कादंबरींतील जीनी डीन्स रंगविली. जीनीच्या धाकट्या बहिणीवर बालहत्येचा आरोप येतो. न्यायासनापुढें जीनी एक असत्य बोलेल, तर बहीण वांचेल. जीनी असत्य बोलत नाहीं. बहिणीस फांशीची शिक्षा होते. मग तीच जीनी पायपीट करीत लंडन गांठते आणि राणीपुढें पदर पसरून बहिणीसाठीं क्षमा मिळविते.

हें लिहिणारा स्कॉट स्वतः मात्र आपण त्या कादंबऱ्यांचे कर्ते नव्हेच, असें लोकांस सांगत असे. एका छापखान्यांतील आपली भागीदारीही त्यानें गुप्त ठेविली होती. शिवाय ॲबट्सफोर्ड येथील जमीन व वाडा यांवर त्याचा पैसा पाण्यासारखा जाई. १८२६ सालीं प्रकाशक व छापखाना दोन्ही बुडाले आणि सुमारें १,२०,००० पौंडांचें कर्ज त्याच्या शिरावर आलें. त्याच वर्षीं पत्नीही निवर्तली.

दिवाळें काढून मोकळें होण्यास कायद्याची आडकाठी नव्हती. मित्रही साहाय्य देऊं करीत होते. त्यानें दोन्ही मार्ग नाकारिले. १८२७ सालीं भर सभेंत त्यानें आपलें कर्तृत्व कबूल केलें आणि प्रकृति ढासळत असतांही कर्जफेडीसाठीं अहोरात्र लेखणी चालविली. १८३१ सालीं त्यानें हेलन वॉकरच्या कबरेवर शिळाही उभारविली. २१ सप्टेंबर १८३२ रोजीं तो ॲबट्सफोर्ड येथें वारला. तोंवर कर्जाचा मोठा भाग फिटला होता. बाकीचें त्याच्या ग्रंथांच्या उत्पन्नांतून पुढें फिटलें.

विद्यार्थिमित्रहो, स्कॉट निर्दोष नव्हता. परंतु जी कसोटी त्यानें जीनीस लाविली, तीच आपणांस लागली तेव्हां त्यानें पाठ फिरविली नाहीं. चूक झाल्यावर मनुष्य काय करितो, यावरूनच त्याची खरी पारख होते.