थापटणं हाती घेतलेला संत

कुरुंदवाडच्या बाजारात मडकं घेताना तुम्ही काय करता? टिचकी मारून कान लावता. खणखणीत वाजलं तर पक्कं, बद्द वाजलं तर कच्चं. याच पारखीवर सातशे वर्षांपूर्वी एका कुंभारानं संतांची परीक्षा घेतली, असं वारकरी सांगतात. ते म्हणजे तेरचे गोरोबाकाका.

तेर हे धाराशिव जिल्ह्यातलं गाव, तेरणा नदीकाठचं. फार जुनं. तगर या नावानं ते परदेशी व्यापाऱ्यांनाही ठाऊक होतं. तिथं सापडलेल्या भाजक्या मातीच्या वस्तू गावच्या लामतुरे संग्रहालयात बघायला मिळतात. अशा गावात १२६७ साली गोरोबा जन्मले, असं परंपरा मानते.

कुंभाराचा खरा गुरू नदीकाठची माती. चिकट जास्त असेल तर वाळताना तडकते, वाळू जास्त असेल तर चाकावर उभी राहत नाही. कृष्णा-पंचगंगेचा गाळ हाताळणाऱ्या आपल्याकडच्या कुंभारांना हे सांगायला नको. बेंदराचे बैल त्यांच्याच हातचे. गोरोबा ती माती पायानं तुडवत आणि मुखानं विठ्ठल म्हणत. त्या तंद्रीत रांगतं लेकरू चिखलात आलं आणि पायाखाली गेलं, अशी कथा आहे. पुढं पंढरीत ते परत मिळालं, असं भाविक मानतात. पण पाणी घेऊन परतलेल्या आईचा आकांत कथेनं झाकलेला नाही. मळणी यंत्राशेजारी पोरं खेळताना दिसली की मला हीच कथा आठवते.

आता ती परीक्षा. ज्ञानेश्वर भावंडं आणि नामदेव गोरोबांच्या घरी जमले होते. थापटणं कशाला, असं मुक्ताबाईनं विचारलं आणि यातलं कच्चं मडकं कुठलं ते सांगा म्हणाली. काकांनी एकेकाच्या डोक्यावर थापटणं मारलं. सगळे गप्प बसले, नामदेव तेवढे रागावले. काकांनी त्यांना कच्चं ठरवलं. नामदेवांचं नाव तेव्हा मोठं, तरी निकाल बदलला नाही. मग नामदेवांनी विसोबा खेचरांना गुरू केलं.

गोरोबांचे थोडेच अभंग आज मिळतात. धंदा आणि प्रपंच त्यांनी सोडला नाही. १३१७ साली चैत्र वद्य त्रयोदशीला त्यांनी देह ठेवला, असं मानतात. पंढरीला गेलात तर बार्शीवरून पुढं तेर गाठा. तेरणाकाठी समाधी आहे.