फुटबॉलचा कारभारी : हर्बर्ट चॅपमन

इंग्लंडच्या यॉर्कशायर परगण्यात किव्हटन पार्क नावाचे कोळसा खाणींचे गाव होते. तेथील एका खाणकामगाराच्या घरी १९ जानेवारी १८७८ रोजी हर्बर्ट चॅपमन यांचा जन्म झाला. त्यांनी शेफील्ड येथे खाण-अभियांत्रिकीचे शिक्षण घेतले आणि सोबतीने फुटबॉलचा नादही जोपासला. खेळाडू म्हणून मात्र ते बेताचेच होते. त्यांचे पिवळे बूट प्रेक्षकांच्या लक्षात राहिले, खेळ फारसा राहिला नाही. त्यांचे नाव झाले ते व्यवस्थापक म्हणून.

व्यवस्थापक म्हणजे संघ घडवणारा आणि चालवणारा मनुष्य. त्या काळी त्याच्या हाती फारशी सत्ता नसे. मैदानात कोणी उतरायचे हे बहुधा क्लबचे संचालकच ठरवीत. व्यवस्थापक पत्रव्यवहार आणि हिशेब पाही. त्यामुळे जय-पराजयाचे श्रेय वा दोष कोणाच्या पदरी घालावा, हा प्रश्न नेहमीच उभा राही. चॅपमन यांच्या आयुष्यात तर तो तीन वेळा उभा राहिला.

१९०७ साली त्यांनी नॉर्दॅम्प्टन या संघाची सूत्रे हाती घेतली आणि तळाला गेलेला तो संघ दोन वर्षांत सदर्न लीगचा विजेता झाला. १९१२ मध्ये त्यांना लीड्स सिटी या क्लबने बोलावले. हा संघ दुसऱ्या श्रेणीत एकोणिसाव्या स्थानी घसरला होता. चॅपमन यांनी तो पहिल्या वर्षी सहाव्या आणि दुसऱ्या वर्षी चौथ्या स्थानी आणला. पहिली श्रेणी अवघ्या दोन गुणांनी हुकली. एवढ्यात पहिले महायुद्ध सुरू झाले.

युद्धामुळे १९१५ पासून नियमित स्पर्धा थांबल्या. खेळाडूंना मानधन देण्यास मनाई झाली; केवळ प्रवासादी खर्च देता येई. चॅपमन १९१६ मध्ये लीड्सजवळच्या बार्नबो येथील तोफगोळ्यांच्या कारखान्यात व्यवस्थापक म्हणून गेले. क्लबचा कारभार इतरांच्या हाती गेला. युद्ध संपल्यावर ते परतले खरे, पण १९१८ च्या अखेरीस त्यांनी राजीनामा दिला.

पुढच्याच वर्षी एका नाराज खेळाडूने तक्रार केली, की युद्धकाळात क्लबने नियम मोडून खेळाडूंना पैसे दिले होते. चौकशी समितीने हिशेबवह्या मागितल्या. क्लबने त्या दिल्या नाहीत. ऑक्टोबर १९१९ मध्ये, हंगामातील केवळ आठ सामने झाले असताना, लीड्स सिटीची लीगमधून हकालपट्टी झाली. शहरातील मेट्रोपोल हॉटेलात खेळाडूंचा लिलाव पुकारला गेला. बाजारात जनावरे विकावीत तशी माणसे निरनिराळ्या क्लबांना विकली गेली. काही पदाधिकाऱ्यांवर आजन्म बंदी आली. त्यांत चॅपमन यांचेही नाव होते.

चॅपमन हे क्लबचे सचिवही होते, म्हणून वह्यांची जबाबदारी त्यांच्यावरही येत होती. ते अगदीच अनभिज्ञ असतील का, अशी शंका घेणारे तेव्हाही होते आणि नंतरही राहिले. परंतु ज्या काळातील देणी वादात होती, त्या काळात ते कारखान्यात काम करीत होते, ही बाजू त्यांनी अपिलात मांडली. ती मान्य झाली आणि बंदी उठली. दरम्यान फुटबॉलपासून दूर, एका तेल कारखान्यात नोकरी करून त्यांना दिवस काढावे लागले होते.

१९२१ मध्ये हडर्सफील्ड टाऊन या क्लबने त्यांना संधी दिली. हा क्लबही कर्जात बुडाला होता. १९१९ मध्ये तो लीड्सला हलवण्याचा घाट घातला गेला, तेव्हा गावकऱ्यांनी पैसे उभे करून तो गावातच राखला होता. अशा गावाला चॅपमन यांनी १९२२ चा एफ. ए. कप आणि लागोपाठ दोन वर्षे, १९२४ व १९२५ मध्ये, लीगचे विजेतेपद मिळवून दिले.

त्यानंतर ते लंडनच्या आर्सेनल क्लबकडे गेले. अध्यक्ष सर हेन्री नॉरिस यांनी वृत्तपत्रात जाहिरात देताना खेळाडूंवर वारेमाप पैसा उधळणाऱ्यांनी अर्ज करू नये, असे सुचवले होते. गंमत अशी, की चॅपमन यांनी येताच पैसा खर्च करावयास लावला. त्याच वर्षी ऑफसाइडचा नियम बदलला होता. न्यूकॅसलकडून ०-७ असा दारुण पराभव झाल्यावर त्यांनी खेळाडू चार्ली बुकन यांचा सल्ला मानून मधला खेळाडू मागे, बचावफळीत ओढला. पुढे हीच मांडणी इतर संघांनीही उचलली.

१९२७ मध्ये वादळ पुन्हा आले. क्लबच्या पैशाचा गैरवापर केल्याबद्दल नॉरिस यांनाच फुटबॉलमधून दूर करण्यात आले. चॅपमन यांच्यावर कारवाई झाली नाही. पण त्या वर्षी संघ लीगमध्ये अकरावा होता. पुढील तीन हंगामांत तो दहावा, नववा आणि चौदावा आला. केवळ या आकड्यांवर निकाल द्यायचा तर त्यांना केव्हाच घरी पाठवावे लागले असते. नव्या संचालकांनी तसे केले नाही. या चढउतारांच्या आड चॅपमन एकेक खेळाडू जमवीत होते. १९२८ मध्ये डेव्हिड जॅक यांच्यासाठी दहा हजार पौंडांहून अधिक रक्कम मोजली गेली. तो त्या वेळचा विक्रम होता. संचालकांचा संयम फळला. १९३० मध्ये आर्सेनलने एफ. ए. कप जिंकला, तोही चॅपमन यांच्याच जुन्या हडर्सफील्डला हरवून. १९३१ आणि १९३३ मध्ये लीगही जिंकली.

जानेवारी १९३४ च्या आरंभी ते एकामागून एक सामने पाहत फिरत होते. पुढचा प्रतिस्पर्धी शेफील्ड वेन्सडे. त्याचा खेळ त्यांनी जाऊन पाहिला. अंगात कणकण असतानाही गिल्डफर्ड येथे आपल्याच क्लबच्या तिसऱ्या संघाचा सामना पाहण्यास ते गेले. न्यूमोनिया बळावला आणि ६ जानेवारी रोजी, वयाच्या पंचावन्नाव्या वर्षी, त्यांचे निधन झाले. तो शनिवार होता. त्याच दुपारी हायबरीच्या मैदानावर आर्सेनलचा शेफील्ड वेन्सडेशी सामना ठरलेला होता. प्रेक्षक स्तब्ध उभे राहिले आणि मग खेळ सुरू झाला. त्या हंगामात लीगचे विजेतेपद पुन्हा आर्सेनलकडेच आले.