लाकडावरची चार अक्षरे

फ्रेडरिक डग्लसपर्यंत मला महात्मा फुल्यांनी पोचवले. १८७३ साली निघालेले ‘गुलामगिरी’ हे पुस्तक जोतीरावांनी अमेरिकेतील गुलामांना दास्यमुक्त करणाऱ्या तिथल्या सदाचारी लोकांना अर्पण केले आहे. पुण्यातल्या माळ्याच्या मुलाला सातासमुद्रांपलीकडच्या गुलामांचे एवढे अगत्य का वाटावे, या कुतूहलाने मी आमच्या ग्रंथालयातली कपाटे धुंडाळू लागले आणि डग्लसच्या आत्मचरित्रापाशी येऊन थांबले.

त्याच्या आयुष्यातल्या जागा अमेरिकेत आज जपलेल्या आहेत, त्या दाखवणारे मार्गही आखलेले आहेत. मला तिकडे कोण नेणार? मी आपला नकाशा पुढ्यात घेतला आणि बोटाने प्रवास केला.

पहिला मुक्काम मेरीलँड राज्यातल्या टॅल्बट परगण्यात, टकाहो खाडीकाठी. इथे १८१८ साली एका गुलाम स्त्रीच्या पोटी तो जन्मला. जन्मतारीख त्याला शेवटपर्यंत कळली नाही. मालकाने आईला बारा मैलांवरच्या शेतावर कामाला दिले होते. दिवसभर राबून ती रात्री चालत यायची, लेकराला कुशीत घेऊन निजवायची आणि उजाडायच्या आत परत फिरायची. तो सात वर्षांचा असताना ती गेली.

दुसरा मुक्काम बाल्टिमोर शहराचा बंदरभाग, फेल्स पॉइंट. या जागी मी सर्वांत जास्त रेंगाळले. १८२६ साली त्याला ऑल्ड नावाच्या कुटुंबात कामाला पाठवले. घरची बाई भाबडी; तिने पोराला मुळाक्षरे शिकवायला घेतली. नवऱ्याला कळताच त्याने ते बंद पाडले. गुलाम वाचायला शिकला की तो गुलाम म्हणून कामाचा राहत नाही, असे त्याचे म्हणणे. मालकाने अनवधानाने केवढे गुपित फोडले! पोराने ते बरोबर हेरले. घरात भाकरीला तोटा नव्हता. पाव खिशात घालून तो गल्लीतल्या गरीब गोऱ्या पोरांकडे जाई आणि पावाच्या बदल्यात धडा घेई. जवळच जहाजे बांधण्याचा कारखाना होता. सुतार प्रत्येक लाकडावर ते जहाजाच्या डाव्या अंगाचे की उजव्या, पुढचे की मागचे, हे कळण्यासाठी एल, एस, एफ, ए अशी अक्षरे खडूने मांडत. त्या चार अक्षरांवरून तो लिहायला शिकला. भिंत, कुंपण, रस्त्याची फरसबंदी ही त्याची पाटी, आणि खडूचा तुकडा ही लेखणी. पुढे मालकाच्या मुलाच्या जुन्या वह्यांतील कोऱ्या जागांत तो त्याची अक्षरे गिरवू लागला.

माझ्या घरात वही विकत घेणारी मी पहिलीच. त्यामुळे हा भाग मी किती वेळा वाचला ते सांगत नाही.

मधली वर्षे हालांची. सोळाव्या वर्षी त्याला कोव्ही नावाच्या माणसाकडे दिले. गुलामांना मारून वठणीवर आणण्यात त्याची ख्याती. एके दिवशी डग्लसने त्याचा हात धरला आणि दोघे बराच वेळ झोंबले. कोव्हीने पुन्हा त्याच्या अंगाला हात लावला नाही.

३ सप्टेंबर १८३८ रोजी तो खलाशाच्या वेषात बाल्टिमोरहून आगगाडीत बसला. खिशात दुसऱ्याचा परवाना होता, त्यातले वर्णन याच्याशी जुळत नव्हते. कंडक्टरने वरवर पाहिले आणि तो पुढे गेला. अक्षरांसाठी ज्याने एवढा आटापिटा केला, तो सुटला ते कंडक्टरने कागद नीट न वाचल्यामुळे! चोवीस तासांच्या आत तो न्यूयॉर्कला होता.

तो खलाशी वेष जमवून देणारी, प्रवासाला पैसे देणारी होती ॲना मरी. ती जन्मतः मुक्त, बाल्टिमोरमध्ये घरकाम करून पोट भरणारी. पैशांसाठी तिने आपली पिसांची गादी विकली. माझ्या प्रवेशाच्या वेळी आईने काय मोडले ते मला ठाऊक आहे, म्हणून या गादीवरून माझे बोट पुढे सरकेना. ती मागोमाग न्यूयॉर्कला गेली, तिथे त्यांचे लग्न झाले आणि दोघे न्यू बेडफर्डला नेथन जॉन्सन यांच्या घरी उतरली. हे घर आजही उभे आहे. डग्लस हे आडनाव त्याने तिथे घेतले. जहाजाच्या फटी बुजवण्याचे कसब हाती असूनही गोऱ्या कारागिरांनी त्याला शेजारी उभे राहू दिले नाही. मग त्याने लाकडे फोडली, कोळसा उपसला, ओतशाळेत भाता ओढला. भात्याजवळच्या खांबाला वर्तमानपत्र ठोकून तो काम करता करता वाचत असे.

पुढचे सारे इतिहासात आहे. १८४१ पासून व्याख्याने, १८४५ साली आत्मचरित्र, १८४७ साली रॉचेस्टर गावी ‘नॉर्थ स्टार’ हे पत्र. त्या गावातल्या त्यांच्या घरी पळून आलेले गुलाम रात्री-अपरात्री येत. ॲना उठून त्यांना जेवू घाली. १८७८ साली हे कुटुंब वॉशिंग्टनजवळ टेकडीवरच्या ‘सीडर हिल’मध्ये राहायला आले. तिथे त्याची ग्रंथांची खोली, त्याचे व्हायोलिन आज पाहायला मिळते. (मुलींसाठी फुल्यांनी १८४८ साली पहिली शाळा काढली तो पुण्याचा भिडे वाडा मात्र पडझड होऊ दिल्यावर, स्मारकासाठी २०२३ साली पाडावा लागला.) १८९५ साली डग्लसने याच घरात देह ठेवला. ॲना त्याआधी, १८८२ साली, इथेच वारली होती.

डग्लसने आत्मचरित्र तीनदा लिहिले. तिन्हींत मिळून ॲनाच्या वाट्याला मोजक्याच ओळी आल्या आहेत. याबाबत मला त्याचा राग येतो, आणि तो मी आवरत नाही. अक्षरांनी मुक्त झालेल्या माणसाच्या घरात तिला स्वतःला लिहिणे-वाचणे जवळजवळ येतच नव्हते. तिची मोठी मुलगी रोझेटा शिकून शिक्षिका झाली. १९०० साली तिने आईच्या आठवणी लिहून काढल्या. गादी विकल्याची हकीकत त्यात आहे.