सूर्याचे वेध घेणारे पुणेकर : प्रा. कावसजी दादाभाई नायगमवाला

महोत्सवाच्या प्रसंगी मागे वळून पाहावे, आपल्या आधी याच भूमीवर ज्यांनी निष्ठेने कार्य केले त्यांचे स्मरण करावे, अशी चांगली रीत आहे. हे स्मरण केवळ स्वधर्मीयांचेच असावे असे आम्हांस वाटत नाही. आमच्या बिबवेवाडीतील काही मुलांनी मध्यंतरी एका गच्चीवर लहानशी दुर्बीण मांडून सूर्यबिंब पांढऱ्या कागदावर पाडले होते व त्यावरील काळे डाग ती एकमेकांस मोठ्या कौतुकाने दाखवीत होती. ते दृश्य पाहून आम्हांस एका पारशी गृहस्थाची आठवण झाली. सव्वाशे वर्षांपूर्वी याच पुण्यात सूर्य व तारे यांच्या प्रकाशाचा अभ्यास करण्यात ज्यांनी आपले आयुष्य वेचले, ते प्रा. कावसजी दादाभाई नायगमवाला आज पुणेकरांच्या विस्मरणात गेले आहेत. त्यांचे अल्प चरित्र वाचकांस सादर करण्याचे आम्ही योजिले आहे.

कावसजींचा जन्म 1857 सालचा. मुंबईच्या एल्फिन्स्टन महाविद्यालयात शिक्षण घेऊन ते एम. ए. झाले व तेथेच पदार्थविज्ञान शिकवू लागले. त्या काळी वर्णपटशास्त्र ही विद्या नवीन होती. लोलकातून प्रकाश नेला असता त्याचा रंगीत पट्टा पडतो, व त्या पट्ट्यातील रेषांवरून प्रकाश देणाऱ्या पदार्थात कोणती मूलद्रव्ये आहेत हे ओळखता येते. ज्या सूर्याला हात लावणे मनुष्यास कधीही शक्य नाही, त्याची घटना या रेषांवरून कळू लागली होती. रोम येथील येशूसंघीय फादर आंजेलो सेकी यांनी याच साधनाने ताऱ्यांचे वर्ग पाडले होते. कावसजींच्या मनाने याच विद्येचा ध्यास घेतला.

1882 साली भावनगरचे महाराज तख्तसिंगजी यांनी या कामी 5,000 रुपयांची देणगी दिली व मुंबई सरकारने तितकीच रक्कम तीत घातली. 1884 साली कावसजी विलायतेस गेले आणि तेथील नामांकित ज्योतिर्विदांचा त्यांनी सल्ला घेतला. त्यांत सर नॉर्मन लॉकियर हे प्रमुख होते. तेथून परतल्यावर साध्या प्रयोगशाळेच्या जागी वेधशाळाच उभारण्याचा बेत ठरला. तीसाठी पुण्याचे विज्ञान महाविद्यालय, जे पुढे अभियांत्रिकी महाविद्यालय म्हणून नावारूपास आले, ते स्थान मुक्रर झाले. 1888 च्या सुमारास महाराजा तख्तसिंगजी वेधशाळा कामास लागली. तिच्या संग्रहातील 20 इंच व्यासाच्या आरशाची दुर्बीण कित्येक दशके हिंदुस्थानातील सर्वांत मोठी दुर्बीण होती.

परंतु मोठे यंत्र हाती असणे ही एक गोष्ट आणि त्यातून दिसलेले निर्भयपणे सांगणे ही दुसरी. मृग नक्षत्रातील तेजोमेघाच्या वर्णपटात एक ठळक हिरवी रेषा दिसते. ती मॅग्नेशियमच्या प्रकाशपट्ट्याची कडा असावी असे लॉकियर यांचे मत होते व त्यांच्या एका मोठ्या सिद्धांताची मदार त्यावर होती. तसे असते तर ती रेषा एका बाजूस पुसट दिसावयास हवी होती. कावसजींनी पुण्याहून वेध घेतले, तेव्हा ती त्यांना दोन्ही बाजूंनी रेखीव दिसली, आणि 1891 साली त्यांनी ते प्रसिद्ध केले. ज्यांच्या सल्ल्याने वेधशाळा उभी राहिली त्यांच्याच मताविरुद्ध हा पुरावा होता. परतंत्र देशातील एका तरुण अध्यापकास हे किती जड गेले असेल याची कल्पना वाचकांनीच करावी. तथापि कावसजींनी डोळ्यांस दिसले तेच लिहिले. ती रेषा मॅग्नेशियमची नसून अत्यंत विरळ अवस्थेतील प्राणवायूची आहे, हे 1927 साली बोवेन यांनी सिद्ध केले.

गुरूचा मान राखणे आणि गुरूची चूक न झाकणे या दोन गोष्टी परस्परविरोधी नाहीत, हेच यावरून दिसते. सौरडागांचे आद्य अभ्यासक येशूसंघीय फादर क्रिस्टोफ शायनर यांनी 1611 साली रंगीत काचांच्या साहाय्याने सूर्य पाहिला, तेव्हा ते डाग म्हणजे सूर्याभोवती फिरणारे लहान ग्रह असावेत असे त्यांस वाटले होते. पुढे अनेक वर्षे सूर्यबिंब कागदावर पाडून त्यांनी डागांची चित्रे काढली, व 1630 साली पूर्ण झालेल्या आपल्या मोठ्या ग्रंथात ते डाग सूर्यावरच असल्याचे मान्य केले. स्वतःची चूक सुधारणे आणि दुसऱ्याची दाखविणे, या दोहोंस एकच प्रामाणिकपणा लागतो.

कावसजींच्या आयुष्यातील मोठा प्रसंग 22 जानेवारी 1898 रोजी आला. त्या दिवशी खग्रास सूर्यग्रहणाचा पट्टा महाराष्ट्रावरून जाणार होता. 1897 साली पुण्यात प्लेगने कहर केला होता व ती साथ अद्याप सरली नव्हती. अशा दिवसांत कावसजींनी आपली यंत्रे उचलून पुणे-सोलापूर लोहमार्गावरील जेऊर येथे तळ दिला. अमेरिकेतील लिक वेधशाळेचे कॅम्पबेल यांचाही तळ त्याच गावी होता. स्वतः लॉकियर विजयदुर्गास उतरले होते. तेथे लॉकियर यांनी हेलियमचा शोध लावला अशी समजूत आपल्याकडे रूढ आहे, ती मात्र बरोबर नाही. हेलियमची पिवळी रेषा त्यांनी 1868 साली इंग्लंडात ओळखली होती; विजयदुर्गास ते आले ते या 1898 च्या ग्रहणासाठी.

जेऊरला खग्रास अवस्था सुमारे दोन मिनिटे होती. एरवी सूर्याच्या झगझगाटात लोपणारे त्याचे वर्णमंडल व त्याबाहेरील किरीट हीं तेवढ्याच वेळात दिसतात. यास्तव महिनोगणती तयारी करून सारे कार्य दोन मिनिटांत उरकावे लागते. आकाश निरभ्र राहिले. पुढे 1902 साली कावसजींनी जेऊरच्या कार्याचा वृत्तांत वेधशाळेतर्फे प्रसिद्ध केला. किरीटातील ज्या रेषांनी तेव्हा सर्वांस बुचकळ्यात पाडले होते, त्या दहा लाख अंश उष्णतेत होरपळणाऱ्या लोखंडादि धातूंच्या आहेत, हा उलगडा होण्यास 1940 चा सुमार उजाडला.

याच ग्रहणात हौशी मंडळींनीही आपला वाटा उचलला, हे आमच्या तरुण वाचकांनी ध्यानात ठेवावे. विदर्भात धामणगावनजीक तळणी येथे ब्रिटिश हौशी ज्योतिर्विदांच्या संस्थेचा तळ होता. तेथे श्रीमती ॲनी माँडर यांनी अवघ्या दीड इंच व्यासाच्या भिंगाने किरीटाचे छायाचित्र घेतले. त्यात सूर्यापासून लाखो मैल दूर पसरलेला एक किरण उमटला. इतका लांब किरण तोवर कोणाच्याही छायाचित्रात आला नव्हता. त्याच तळावर जॉन एव्हरशेड नामक दुसरे एक हौशी गृहस्थ वर्णपटाची छायाचित्रे घेत होते.

या दोन तळांची गाठ पुढे विलक्षण रीतीने पडली. 1912 साली कावसजी सेवानिवृत्त झाले, आणि त्यांच्यामागे पुण्याची वेधशाळाच बंद करण्यात आली. तिची यंत्रसामग्री दक्षिणेत कोडाईकनाल येथील सौर वेधशाळेकडे रवाना झाली. त्या वेधशाळेचे संचालक तेव्हा तळणीचे तेच एव्हरशेड होते. 20 इंची दुर्बीण तेथे भावनगर दुर्बीण म्हणून ओळखली गेली. कावसजी त्यानंतर 26 वर्षे जगले व 1938 साली निवर्तले. आपल्या हयातीतच आपली वेधशाळा नाहीशी झालेली त्यांना पाहावी लागली.

येथे आम्हांस थांबून विचार करणे प्राप्त आहे. देणगी होती, सरकारचा आश्रय होता, उत्तम यंत्रे होती व त्यांस साजेसा विद्वानही होता. पण सारे कार्य एकाच मनुष्याच्या खांद्यावर उभे होते. तो खांदा बाजूला होताच इमारत ढासळली. कोणत्याही संस्थेने आपल्या महोत्सवाच्या दिवशी स्वतःस विचारावा असा हा प्रश्न आहे : आपल्यामागे हे काम कोण उचलणार? पुण्यात या प्रश्नाचे उत्तर पुढे सामान्य हौशी नागरिकांनी दिले. कावसजींच्या मृत्यूनंतर सहा वर्षांनी, 1944 साली, ज्योतिर्विद्या परिसंस्था येथे स्थापन झाली, आणि दुर्बिणीची विद्या एका पिढीकडून दुसरीकडे जाऊ लागली.

आमच्या गच्चीवरील मुले त्याच परंपरेतील आहेत. त्यांच्या हितासाठी दोन शब्द सांगितल्यावाचून लेखणी खाली ठेववत नाही. दुर्बिणीतून सूर्याकडे नुसत्या डोळ्याने क्षणभरही पाहू नये. दृष्टी कायमची जाते. नेत्रिकेजवळ बसविण्याची काळी काच जुन्या दुर्बिणींबरोबर मिळते, तिचा भरवसा धरू नये. एकवटलेल्या उष्णतेने ती तडकते. गाळणी लावावयाची ती सूर्यासाठीच तयार केलेली असावी, दुर्बिणीच्या पुढल्या तोंडावर घट्ट बसवावी, आणि तीस भोक अथवा ओरखडा नाही हे प्रत्येक वेळी पाहून घ्यावे. सर्वांत सोपी रीत शायनर यांचीच : दोन इंची दुर्बीण घ्यावी, तिच्यात साधी, प्लास्टिक नसलेली नेत्रिका बसवावी, शोधक दुर्बिणीवर झाकण घालावे व नेत्रिकेमागे हातभर अंतरावर पांढरा कागद धरावा. रोज त्याच वेळी डागांची चित्रे काढावीत. दोन आठवड्यांत डाग एका कडेकडून दुसऱ्या कडेकडे सरकलेले दिसतील व सूर्य स्वतःभोवती फिरतो हे कोणी न सांगता कळेल.

आणि चित्र काढताना जे दिसेल तेच काढावे, पुस्तकात आहे म्हणून अधिक नव्हे व मास्तरांस आवडेल म्हणून वेगळे नव्हे. प्रा. नायगमवाला यांचे याहून उचित स्मारक आमच्या दृष्टीस पडत नाही.